देवसावळीची ध्यानखोली

हिंगणघाटात अनुसयाबाईंना ओळखत नाही असं घर सापडलं नसतं, आणि त्यांच्याविषयी काही ठाऊक आहे असंही घर सापडलं नसतं. भगिनी मंडळात त्या शिवणाचा वर्ग घेत. सहा वर्षांत निम्म्या गावाच्या लेकीसुनांना त्यांनी झंपर बेतायला आणि काजं करायला शिकवलं होतं. वर्ग सुटला की मशीनवर खोळ घालायची, खाली सांडलेल्या चिंध्या वेचायच्या आणि आपल्या एका खोलीची वाट धरायची. नवरा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काटेवाला होता, कापसाच्या बैलबंड्या तोलायचा. त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तुमचं माहेर कुठलं, असं मंडळात कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर 'इथलंच, मामाचं घर,' असं त्या म्हणाल्या असत्या, आणि ते काही खोटं ठरलं नसतं.

सत्तावन्न सालच्या नाताळच्या सुटीत मंडळाची सहल ठरली. मंडळाच्या अध्यक्षा सुनीतीबाई, वकिलांच्या पत्नी, हातात कागद घेऊन वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "या वेळी देवसावळी. ताराचंद शेठजींनी सगळं गाव पुन्हा उभं केलंय म्हणे. देऊळ, मठ, घाट, सेवेकऱ्यांची घरं, जसंच्या तसं. लॉरीही तेच देणार आहेत."

अनुसयाबाईंच्या पायाखालचं मशीन थांबलं. "माह्यानं होनार नाई," त्या म्हणाल्या. "पाय दुखून राह्यले."

"पाय दुखतात म्हणून तर लॉरी आहे," सुनीतीबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी यादीत नाव लिहूनही टाकलं.

नाव खोडा म्हणून सांगायला अनुसयाबाई दोनदा वकिलांच्या घरापर्यंत गेल्या आणि दोन्ही वेळा फाटकापासूनच परतल्या. जाऊ नये असं वाटत होतं तेवढंच जावंसंही वाटत होतं. कारण अनुसयाबाई देवसावळीच्या होत्या. तिथल्या गुरवाची ती पोर. बाप देवळात सनई वाजवायचा आणि उरलेल्या वेळात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायचा. वणा नदीच्या काठचं चाळीस उंबऱ्यांचं गाव ते. निर्वाणस्वामींचा मठ, मठाचं देऊळ, आणि त्या दोहोंच्या सेवेवर जगणारी माणसं, एवढाच त्याचा पसारा.

अनशी, म्हणजे अनुसया, बारा वर्षांची असताना मानमोडीची साथ आली. सकाळी ताप आणि तिसऱ्या दिवशी तिरडी. पुढं पुढं तर तिरडी धरायलाही चार जण मिळेनात. आधी बाप गेला. त्याच्यामागून पाळण्यातला भाऊ गेला. मग माय पडली. उरलेली माणसं पोटापुरती भांडीकुंडी बंडीत घालून गाव सोडू लागली. एका दुपारी मायनं पाणी मागितलं म्हणून अनशी गडवा घेऊन नदीवर गेली. परत आली तर दारात मामाची बंडी उभी होती. मामा आत गेला नाही. त्यानं पोरीला तशीच उचलली आणि बंडीत टाकली. गडवा तिच्या हातातून सुटला, पाणी अंगणात सांडलं. "मायले मागून आनतो," असं म्हणून मामानं बैलांना आसूड दाखवला.

दीड महिन्यानं हिंगणघाटला मामानं तिला न्हाणीत बसवून डोक्यावर पाणी घातलं आणि सांगितलं, "तुही माय गेली."

मामा माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, चौदाव्या वर्षी चांगलं स्थळ पाहून दिलं. पण बंडी निघाली तेव्हा माय जिवंत होती, आतून तिच्या कण्हण्याचा आवाज येत होता, ही गोष्ट अनुसयाबाई कुणालाही सांगू शकल्या नव्हत्या. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या घरात मायला शेवटचं पाणी कुणी दिलं, कुणी दिलं तरी का, हे एकोणचाळीस वर्षं त्यांच्या मनात होतं. साथीनंतर ते गाव कुणी वसवलं नाही. अशा गावाची चौकशी तरी कुणाजवळ करायची?

सहलीच्या दिवशी सकाळी बावीस बायका लॉरीत चढल्या. लॉरी कापसाच्या गठाणी वाहणारी होती. फळ्यांच्या फटीत कापूस अडकलेला होता आणि घटकाभरात सगळ्यांच्या लुगड्यांना तो चिकटला. एकमेकींचे पदर झटकत, हसत, गाणी म्हणत बायका चालल्या होत्या. कुणाच्या डब्यात दशम्या होत्या, कुणी ठेचा आणला होता. बोलणं सगळं नवऱ्यांचं, पोरांच्या परीक्षांचं, सासूच्या दम्याचं. अनुसयाबाई मागच्या फळीजवळ बसल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती. नदीचं वळण आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग आपणच घाबरून उघडले.

गाव ओळखू येत नव्हतं, इतकं ते नीटनेटकं झालं होतं. कुठं तण नाही, कुठं शेणाचा पोह नाही. घाटाच्या पायऱ्या नव्या चिऱ्यांनी बांधलेल्या, देवळाला पांढरा रंग, घरांच्या भिंतींना नीळ घातलेला चुना. चाळीस घरांपैकी अकरा उभी केली होती. घरोघरी पाटी, आणि एकाही घरात चूल नाही. शेठजींनी नेमलेले बंडूजी नावाचे व्यवस्थापक टोपी सावरत पुढं आले. माणूस भला आणि उत्साही होता. प्रत्येक दारापाशी थांबून ते सांगत होते, हे भांडाऱ्याचं घर, ही टाळकऱ्यांची ओसरी, इथं स्वामींचा घोडा बांधत.

नदीकडच्या टोकाच्या घराशी येऊन ते आवाज खाली आणत म्हणाले, "आता चपला इथंच काढा. ही स्वामींची ध्यानखोली. सहा महिने स्वामी या खोलीतून बाहेर आले नाहीत."

अनुसयाबाईंनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. डाव्या बाजूला झिजलेला तो उंबरा पायानं त्यांच्याआधी ओळखला. नदीकडची बुटकी खिडकी तिथंच होती. कोनाड्यात आता स्वामींची तसबीर होती, समई होती. जमिनीला फरशी बसवली होती. त्या कोपऱ्यात, फरशीच्या खाली कुठंतरी, मायचं अंथरूण होतं.

बंडूजींनी वर बोट केलं. आढ्याला एक लोखंडी कडी होती. "स्वामींना ध्यानात झोप येऊ नये म्हणून ते आपली शेंडी या कडीला बांधून बसत. मूळची कडी आहे ही. आम्ही हात लावलेला नाही."

बायका माना वर करून पाहत राहिल्या. कुणीतरी हात जोडले.

"ते पायन्याची कडी हाये," अनुसयाबाई म्हणाल्या.

त्या बोलल्या हे त्यांच्याही जरा उशिरा लक्षात आलं. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. बंडूजी समजुतीनं हसले. "बाई, स्वामी बालब्रह्मचारी होते. पाळणा कशाला येईल इथं?"

एक हशा उठला. त्यात दुष्टपणा नव्हता, सहलीतला हशा होता तो. अनुसयाबाईंनी हळूच सांगून पाहिलं, "हे गुरवाचं घर होतं." पण बंडूजी म्हणाले, "गुरवाचं घर देवळामागं असणार ना, सोयीचं म्हणून. आम्ही सगळं विचारून, मोजून केलंय." मग बायका एकेक करून पुढं झाल्या आणि कोनाड्यासमोर, नेमक्या त्या कोपऱ्यात, डोकं टेकू लागल्या. "किती शांत वाटतं नाही इथं," एकजण म्हणाली. अनुसयाबाईंची पाळी आली तेव्हा त्याही वाकल्या. फरशी गार होती. मागं बायका उभ्या होत्या, म्हणून त्या लगेच उठल्या.

जेवणाची पंगत चिंचेखाली बसली. अनुसयाबाईंनी अर्धी दशमी कशीबशी खाल्ली, हात धुवायला म्हणून उठल्या आणि घाट उतरून नदीच्या कडेनं चालत राहिल्या. नवे चिरे संपले तिथं जुनी वाट सुरू होत होती. वाटेच्या तोंडाशी एक म्हातारी फडक्यावर बोरं मांडून बसली होती. डोईवर पांढऱ्या केसांची मूठभर गाठ, अंगावर विटलेलं लुगडं.

"घेजो माय बोरं," ती म्हणाली. "गोड हायेत."

"इथलीच का तुमी?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"इथलीच त. भोयाची कौसल्या. आमचा डोंगा होता नदीवर. मानमोडीत सारे पयाले, पन डोंगा सोडून भोई कुठं जाईन?" म्हातारीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तू कोनाची व?"

कित्येक वर्षांत असं एकेरीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अनुसयाबाई तिथंच मातीत बसल्या.

"गुरवाची."

म्हातारीनं हातातली बोरं फडक्यावर ठेवली. पुढं वाकून तिनं अनुसयाबाईंची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडं फिरवला. "अनशी?" ती म्हणाली. "तू अनशी होय?"

अनुसयाबाईंना रडू आलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, "माह्या मायले पानी कोनं देल्लं?"

"म्या देल्लं. पन ते त तवाची गोष्ट झाली." कौसल्याबाईनं हनुवटीवरचा हात सोडला. "तुले कोनं सांगतलं नाई?"

"काय?"

"तुही माय वाचली व."

नदीपलीकडं कुणीतरी बैलांना हाक देत होतं. अनुसयाबाई त्या आवाजाकडं पाहत राहिल्या. म्हातारी तिच्या रीतीनं, मधे मधे थांबत, बोरांवरच्या माश्या वारत सांगू लागली.

ताप उतरला तो नवव्या दिवशी. पण उतरताना डोळे घेऊन गेला. आधी धुकं, मग काहीच नाही. महिन्याभरानं मामा आला. नदीच्या पल्याड उभा राहिला, साथीच्या भीतीनं डोंग्यात काही बसला नाही. तिथूनच त्यानं ओरडून विचारलं, पोरीले घेऊन येऊ का? मायला कौसल्यानं हाताला धरून काठावर आणलं होतं.

"तिनं काय म्हनलं?"

"तिनं म्हनलं, आनू नोको. बारा वर्साची पोर, आंधळ्या मायची काठी होईन. जल्मभर देवळापुढं हात पसरीन. तिचं लगन लावून दे. अन् मी हावो म्हनून तिले सांगू नोको. सांगशीन त पयत येईन ते. मेली म्हनून सांग." म्हातारीनं नाक पुसलं. "तुहा मामा तिथं रेतीत बसून लई रडला. पन तिनं सांगतलं तसंच केलं त्यानं."

"किती दिवस?" अनुसयाबाईंनी विचारलं. "किती दिवस होती?"

"दिवस कायचे? चार साल राह्यली. त्याच घरात. सकायी मी पळसाची पानं आनून द्याची, ते बसून पत्रावयी लावाची. डोये नाई, पन हात तुह्या बापापरिस साफ. बजारच्या दिवशी मी विकून याची. तुह्या लग्नाच्या पत्रावयी तिनंच लावल्या. मामानं निरोप धाडलता. तीनशे का साडेतीनशे. एकटीनं. मले हात लावू देल्ला नाई."

अनुसयाबाईंना आपलं लग्न आठवलं. मांडव आठवला, हातातली हिरवी काकणं आठवली, मामा उगाचच इकडून तिकडं धावत होता तेही आठवलं. नवऱ्याशेजारी बसून त्या जेवल्या होत्या, मान खाली घालून, सगळ्या नव्या नवऱ्या जेवतात तशा. मान खाली होती म्हणजे पत्रावळीकडंच पाहत असतील. पण ती पत्रावळ काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"गेली कवा?"

"पोयाच्या करीले, दुसऱ्या दिवशी. सकायी उठली नाई. तरास नाई झाला तिले." म्हातारीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुहं नाव घे मात्र रोज. अनशी आता स्वैपाक करत असंन, अनशी आता पान्याले गेली असंन. येळ पाहून सांगे. मले वाटलं, मामा कवातरी सांगीन तुले. तुही वाट पाहून मीच बुढी झाली."

वरून लॉरीचा भोंगा वाजला. एकदा, मग लगोलग दुसऱ्यांदा. अनुसयाबाई उठल्या नाहीत. थोड्या वेळानं सुनीतीबाई घाट उतरून त्यांना शोधत आल्या, जरा रागावलेल्याच होत्या. पण दोघींना तसं बसलेलं पाहून त्या जरा अंतरावरच उभ्या राहिल्या. कौसल्याबाईनं बोरांचं सगळं फडकं गोळा करून अनुसयाबाईंच्या ओटीत रिकामं केलं. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत.

"येजो," ती म्हणाली.

"येतो," अनुसयाबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बायका दमल्या होत्या. काहींनी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकल्या होत्या. ऊन उतरलं तशी थंडी वाजू लागली. सुनीतीबाई पुढची जागा सोडून मागच्या फळीपाशी येऊन बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ती बाई तुमच्या ओळखीची होती?"

"माही माय राहत होती तिथं," अनुसयाबाई म्हणाल्या. मग जेवढं सांगता आलं तेवढं त्यांनी सांगितलं. ते फार नव्हतं. लॉरी खड्ड्यातून गेली की वाक्य तुटे आणि पुन्हा जोडायला वेळ लागे. सुनीतीबाईंना व्याख्यानं देण्याची सवय होती, कुठल्याही प्रसंगी चार शब्द बोलता येत. त्या दिवशी त्यांनी आपली शाल काढून अनुसयाबाईंच्या अंगावर घातली आणि तिचं टोक स्वतःही धरून बसल्या.

त्या आठवड्यात सुनीतीबाई ताराचंद शेठजींना पत्र लिहायला बसल्या. पाटी बदलायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं. लिहिण्यापूर्वी विचारावं म्हणून त्या अनुसयाबाईंच्या खोलीवर आल्या. ती खोली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. एक खाट, एक मशीन, चुलीपाशी दोन भांडी, त्यांतलं एक पालथं.

"राहू द्या," अनुसयाबाई म्हणाल्या. "लोक डोकं टेकतेत तिथं. टेकू द्या. पाटी बदलली त कोन टेकवनार?"

पत्र गेलं नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला अनुसयाबाईंच्या वागण्यात फरक दिसला नसता. वर्ग चालू होता. पण घरी आलं की त्या हिशेब मांडत बसत. बारा ते सोळा. त्या चार वर्षांत आपण काय काय केलं ते आठवून पाहत. मंगळागौरीला नटलो. मामीशी भांडलो. सासरी पहिल्यांदा भाकरी जळली म्हणून रडलो. प्रत्येक वेळी बारा कोसांवर माय जिवंत होती. मामाचा राग यायचा, आणि मग वाळूत बसून रडणारा मामा दिसायचा, आणि राग टिकायचा नाही. मायचा राग धरायला गेलं तर तोही धरवत नव्हता. मामा, मामी, नवरा, सगळे जाऊन बसलेले. ज्यांना जाब विचारावा असं कुणीच राहिलं नव्हतं. कौसल्याबाईला भेटायला जावं असं रोज मनात येई. पण विचारायचं ते एवढं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळेना, आणि संक्रांत गेली, शिमगा गेला.

अक्षय्य तृतीयेला त्यांनी मायच्या नावानं पाण्याची घागर भरून ठेवली, आणि त्याच दिवशी बंडूजींच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. यंदा पोळ्याच्या करीला मायचं जेवण करायचं आहे, कौसल्याबाईनं यावं, मी न्यायला येते. बंडूजींचं उत्तर सुवाच्य अक्षरात आलं. बोरं विकणारी ती म्हातारी चैत्रात वारली. दोन दिवसांचा ताप झाला. आपण कळवलेला निरोप तिला देता आला नाही, याबद्दल दिलगीर आहे.

देवसावळीत आंधळ्या मायला पाहिलेलं शेवटचं माणूस गेलं होतं. चार महिने हाताशी होते, आणि आपण गेलो नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या वकिलांच्या फाटकापाशी पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी आत गेल्या. "करीच्या दिवशी माह्या घरी जेवाले याल का?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणालाही जेवायला बोलावलं नव्हतं, आणि ते बोलावणं त्यांच्या तोंडून ओबडधोबडच निघालं.

सुनीतीबाई आल्या. पाटावर बसल्या. पुरणाच्या पोळ्या होत्या, कढी होती, भोपळ्याची भाजी होती. पहिला घास कावळ्याला ठेवून दोघी समोरासमोर जेवल्या. बाहेर गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत होती, चाकांचा खडखड आवाज आत येत होता.

"कशी होती हो तुमची आई?" सुनीतीबाईंनी विचारलं.

अनुसयाबाई सांगू लागल्या. माय उंच होती. दळताना डोळे मिटायची. बापाच्या सनईला चुकलं की ओसरीवरून हुंकार द्यायची, आणि बाप पुन्हा पहिल्यापासून धरायचा. नदीला पूर आला की पोरांना आत कोंडायची आणि आपण पाहायला जायची. बोलता बोलता त्या एकदा हसल्याही. सुनीतीबाईंनी आणखी विचारलं, त्यांनी आणखी सांगितलं. बारा वर्षांचं जेवढं होतं तेवढं सगळं निघालं.

पुढच्या चार वर्षांबद्दल कौसल्याबाईनं घाटाच्या कडेला बसून घाईघाईनं सांगितलेली पाच-सात वाक्यं होती. ती सांगून झाली, आणि पुढं सांगायला काही उरलं नाही. मग सुनीतीबाईंनी हात धुतले, लुगड्याच्या निऱ्या सावरल्या आणि निघाल्या. अनुसयाबाई त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेल्या आणि परत आल्या.